बेड क्रमांक ७ चा हिशेब : रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व विश्वस्त आणि वैद्यकीय अधीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या ऑगस्टमध्ये माझे यजमान आपल्या रुग्णालयात अकरा दिवस होते. ते बरे होऊन घरी आले. आता रोज सकाळी मळ्यापर्यंत चालत जातात आणि दम न लागता परत येतात. ही गोष्ट मी सगळ्यात आधी लिहिते, कारण आपल्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे आमच्यावर उपकार आहेत आणि पुढचे सगळे वाचताना आपण ते विसरू नये अशी माझी इच्छा आहे.

तक्रार बिलाची आहे. ४,८६,३४० रुपयांच्या बिलात ५५,९३० रुपये अशा उपचारांचे आहेत, जे यांना दिलेच गेले नाहीत. मी दोनदा काउंटरवर येऊन विचारले, एकदा ईमेल केली, एकदा पोस्टाने पत्र पाठवले. पाच आठवड्यांनी अडीच ओळींचे उत्तर आले. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम टाकलेले नाही. पत्राची एक प्रत मी स्वतः आपल्या कार्यालयात पोचती केली आहे, तेव्हा ते कोणाला उद्देशून आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

आम्ही कृष्णाकाठची माणसे. पाणी शेतात शिरले तेव्हा हे मोटार वर काढायला चिखलात उतरले. टाचांना भेगा होत्या. आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की हात लावू देईनात. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस औषध दिले. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली आणि धाप लागली, तेव्हा त्यांनीच गाडी करून दिली. आपल्याकडे पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ५.८, छातीत न्यूमोनिया. थेट आयसीयूत घेतले, बेड क्रमांक ७.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळेत आत गेले तर बेडच्या डाव्या हाताला एक उंच यंत्र आणून ठेवले होते. सिस्टर म्हणाल्या, "व्हेंटिलेटर आहे, काकू. घाबरू नका, लावलेला नाही. ऑक्सिजन आणखी खाली गेला तर हाताशी असावा म्हणून आणलाय." यांच्या तोंडावर पिशवी लोंबकळणारा मास्क होता. मला धीर आला, आणि ज्यांनी तो विचार करून ठेवला त्यांच्याबद्दल बरेही वाटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किडनीचे डॉक्टर बाहेर येऊन भेटले. डायलिसिस लागेल असे दिसते, संमतीपत्रावर सही करून ठेवा, म्हणाले. मी सही केली. माझा चेहरा पाहून ते जायला निघालेले परत वळले आणि बाकावर बसले. म्हणाले, "काकू, मी रात्रभर लघवी मोजायला सांगितलंय. सकाळी आकडा बघून ठरवू. उगाच करायचं नाहीये मला." त्या रात्री मी आणि माझे धाकटे दीर त्याच बाकावर बसून होतो. सकाळी साडेसात वाजता डॉक्टर आले, तक्ता पाहिला आणि दारातूनच हाताने खूण केली. नऊशे मिली. डायलिसिस थांबवले. पुढे ते लागलेच नाही. सहाव्या दिवशी लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा, रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टरांनी मोठे अँटिबायोटिक बंद करून साधे, स्वस्त इंजेक्शन सुरू केले. त्यावर हे सुधारत गेले.

आता बिलावर काय आहे ते सांगते. व्हेंटिलेटर, तीन दिवस, रोजचे ६,५०० प्रमाणे १९,५०० रुपये. हिमोडायलिसिस एक सत्र, किट आणि कॅथेटरसह १४,४५० रुपये. मेरोपेनेमची, म्हणजे त्या मोठ्या अँटिबायोटिकची, २१ इंजेक्शने लावली आहेत, त्यातली दिली १०; उरलेल्या ११ चे १३,८६० रुपये. अल्ब्युमिनच्या, म्हणजे शिरेतून चढवायच्या प्रथिनाच्या, दोन बाटल्या लावल्या, चढवली एक. दुसरीचे ५,८७० रुपये. छातीच्या फिजिओथेरपीची आठ सत्रे लावली, झाली तीन. पाचांचे २,२५० रुपये. बेरीज ५५,९३०.

हे आकडे मी आठवणीतून काढलेले नाहीत. तेहतीस वर्षे मी एका सहकारी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये लिपिक होते. हंगाम संपला की ऑफ सीझनला यंत्रे खोलायला घेतात. मिल हाऊसचा फोरमन बारा बेअरिंगे मागायचा. आम्ही इश्यू स्लिप करून बारा द्यायचो. आठ बसली, चार उरली, की तो ती चार पुड्यासकट परत आणायचा, रिटर्न स्लिप व्हायची, बिन कार्डावर, म्हणजे साठ्याच्या कार्डावर, चार जमा व्हायची आणि त्या दुरुस्तीच्या खर्चात आठच धरली जायची. एकदाही असे झाले नाही की बारा मागितली म्हणून बाराचा खर्च लागला. तसे झाले असते तर साठा पडताळणीला माझी नोकरी गेली असती. मागवणे ही एक नोंद, वापरणे ही दुसरी, परत करणे ही तिसरी, आणि या तिन्ही जुळल्याशिवाय खर्च म्हणायचा नाही, एवढे एकच काम मी आयुष्यभर केले. आपल्या रुग्णालयात पहिल्या नोंदीवर थेट बिल तयार होते. मला काय म्हणायचे आहे ते सगळे या एका वाक्यात आहे.

पहिल्या नोंदीवर आमच्या सह्या आहेत, हे खरे. सिस्टर संगणकात मागणी टाकतात, खालच्या मेडिकलमधून मुलगा पिशवी घेऊन येतो, नातेवाइकाला दारात बोलावतात आणि पावतीवर सही घेतात. मेरोपेनेम आधी सहा आले, मग एकदम पंधरा. मी दोन्ही वेळा सही केली. सहाव्या दिवशी औषध बदलले तेव्हा भेटीची वेळ होती, मी बेडजवळच उभी होते. सिस्टरनी ट्रेमधली उरलेली इंजेक्शने माझ्यासमोर मोजली, अकरा भरली. पांढऱ्या कागदाच्या तुकड्यावर "बेड ७, मेरो ११ रिटर्न" असे लिहून तो तुकडा पिशवीला स्टेपल केला आणि पिशवी वॉर्डबॉय मामांच्या हातात दिली. मामा पिशवी घेऊन लिफ्टने खाली गेले. त्या वेळी मात्र माझी सही कोणी घेतली नाही. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर सांगितले गेले, "सिस्टीममध्ये रिटर्न दिसत नाही." ती अकरा इंजेक्शने एकतर मेडिकलच्या कपाटात परत गेली असतील किंवा दुसऱ्या कोणाला टोचली गेली असतील. आमच्या घरी ती आलेली नाहीत, आणि पैसे मात्र आम्ही भरले आहेत.

अल्ब्युमिनच्या बाटलीचे तर मला अजून कोडे आहे. ती वॉर्डच्या फ्रिजमध्ये होती, दाराच्या कप्प्यात, बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर यांचे आडनाव लिहिलेले. डिस्चार्जच्या वेळी विचारले तर म्हणाले, फ्रिजमधले औषध मेडिकल परत घेत नाही. हा नियम मला समजतो. थंडीत ठेवायचे औषध बाहेर जाऊन आले तर त्याचा भरवसा राहत नाही. पण ही बाटली आपल्या फ्रिजबाहेर कधी गेलीच नव्हती. आणि परत घेता येत नसेल तर ती आमची झाली. मग आम्हाला द्या, असे मी म्हटले. घरी देता येत नाही, असे उत्तर मिळाले. विश्वस्तांपैकी कोणी मला हे समजावून सांगावे : जी वस्तू परत होत नाही आणि हातातही मिळत नाही, तिचे पैसे आम्ही कशाबद्दल दिले?

डिस्चार्जचा तो दिवस मी विसरू शकत नाही. सकाळी दहाला घरी जा म्हणाले. विमा कंपनीची अंतिम मंजुरी यायला संध्याकाळचे सव्वापाच झाले. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढून डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांची मुदत घातली आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. हे व्हीलचेअरवर बसून होते, सलाइनची सुई काढलेली, अंगात घरचे कपडे. काउंटरवर एकोणीस पानांचे बिल पुढे सरकवले आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून "इथं सही करा" सांगितले. विमा २,९१,४०० रुपयांचा मंजूर झाला. उरलेले १,९४,९४० आम्ही भरले, त्यासाठी पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडली. मी पाने उलटायला लागले तशी मागची माणसे चुळबुळ करू लागली आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, घरी जाऊन निवांत बघा की." मी सही केली. आता आपल्या उत्तरात तीच सही पुराव्यादाखल दाखवली आहे : आकारणी प्रचलित दरांनुसार असून बिलावर नातेवाइकांची स्वाक्षरी आहे.

घरी जाऊन मी खरोखरच निवांत पाहिले. आधी इनडोअर केसपेपरची प्रत मागितली. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मला एकोणीस दिवस आणि पाच खेपा लागल्या. पण ते मिळाले आणि त्यात सगळे आहे. आपल्या सिस्टरांनी इतके नीट लिहून ठेवले आहे की मला माझ्या स्टोअरच्या लेजरची आठवण झाली. दर दोन तासांनी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी. दिवसपाळीच्या नोंदी निळ्या शाईत, रात्रपाळीच्या लाल. ज्या तीन दिवसांचे व्हेंटिलेटरचे पैसे लावले, त्या तिन्ही दिवसांत प्रत्येक दोन तासांच्या रकान्यात मास्क आणि त्यापुढे दहा लिटर, आठ लिटर, सहा लिटर असे लिहिलेले आहे. नळी घातल्याची नोंद नाही, यंत्राच्या सेटिंगचा तक्ता कोरा आहे. चौथ्या दिवशी सकाळच्या पानावर किडनीच्या डॉक्टरांच्या अक्षरात डायलिसिस थांबवावे असे लिहून खाली सही आहे, वेळ सात चाळीस. औषधांच्या तक्त्यात मेरोपेनेमपुढे दहा खुणा आहेत, दहांपुढे सिस्टरांची आद्याक्षरे आहेत, मग आडवी रेघ मारून औषध बंद केल्याची तारीख आहे. फिजिओथेरपिस्टच्या सह्या तीन. म्हणजे मी जे म्हणते आहे ते आपलेच रुग्णालय आपल्याच कागदावर म्हणते आहे. फक्त तो कागद बिल करणाऱ्याच्या टेबलावर कधी जात नाही.

व्हेंटिलेटरबद्दल काउंटरवर मला सांगितले गेले की तो "स्टँडबाय" होता, राखून ठेवला होता. यात काही तथ्य आहे का, याचा मी बरेच दिवस विचार केला. यंत्र महाग असते, ते सज्ज ठेवायला माणसे लागतात, हे मान्य. पण आयसीयूच्या बेडचे रोज ८,५०० रुपये आम्ही दिले आणि जनरल वॉर्डचे २,२००. हा फरक कशाचा आहे? यंत्रे आणि माणसे हाताशी असण्याचाच ना? म्हणजे सज्जतेचे पैसे आम्ही एकदा दिलेच होते. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, राज्य शासनाने खाजगी रुग्णालयांचे दर बांधून दिले होते : साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. ते दर आज लागू नाहीत. पण व्हेंटिलेटर असणे आणि नसणे यांत शासनाने तेव्हा रेघ ओढली होती आणि मध्ये जागा सोडलेली नव्हती. शिवाय चौथ्या दिवशी सकाळी तेच यंत्र बेड क्रमांक ९ कडे नेताना मी पाहिले. तिथल्या आजींना ते लावले. त्यांना त्याची गरज होती आणि ते मिळाले, हे चांगलेच झाले. पण त्या चौथ्या दिवसाचेही ६,५०० आमच्या बिलात आहेत.

डायलिसिसबद्दल सांगितले की मशीनची वेळ आणि तंत्रज्ञ राखला होता. तसे असेल तर "राखीव वेळ रद्द" असे लिहून त्याचा रास्त आकार लावा, आणि तो आधी दरपत्रकात छापा. मी त्यावर भांडणार नाही. बिलावर मात्र "हिमोडायलिसिस, एक सत्र" असे आहे. कॅथेटरचे पाकीट त्या रात्री ट्रॉलीवर बंदच होते आणि सकाळी सिस्टरनी ते बंदच उचलून नेले. वापरलेल्या कॅथेटरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवतात असे त्यांनीच मला सांगितले होते. आमच्या कागदांवर असे स्टिकर नाही.

इथे मला पैशापेक्षा मोठी काळजी आहे, आणि विश्वस्तांनी ती डॉक्टरांच्या नजरेने पाहावी अशी विनंती आहे. आपल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे की किडनीची इजा औषधोपचाराने, डायलिसिसशिवाय भरून आली. त्याच दिवशी त्याच शिक्क्याने आपण विमा कंपनीला बिल पाठवले की डायलिसिस झाले आणि तीन दिवस व्हेंटिलेटर होता. आता विमा कंपनीच्या दप्तरात माझे यजमान डायलिसिस झालेले रुग्ण आहेत. उद्या पॉलिसी बदलायची झाली, विम्याची रक्कम वाढवायची झाली, पुन्हा किडनीचा काही दावा आला, तर हा कागद पुढे येईल. पुढचा एखादा डॉक्टर बिल पाहून विचारेल, "डायलिसिस कधी झाले होते?" आम्ही नाही म्हणू आणि कागद हो म्हणेल. बिलाला आपण पैशाचा कागद समजता. एकदा विमा कंपनीकडे गेले की ते माणसाच्या प्रकृतीचाही कागद होते. पैसे परत दिले तरी ही नोंद आपोआप पुसली जाणार नाही. सुधारित बिल आणि खुलाशाचे पत्र आपणच विमा कंपनीला पाठवायला हवे.

नातेवाइकांपैकी काहीजण म्हणाले, विम्यातून गेले ना, सोडून द्या. पहिली गोष्ट, सगळे विम्यातून गेलेले नाही. दुसरी अशी की आमच्या पॉलिसीची मर्यादा वर्षाला तीन लाख आहे. ती या एका आजारात जवळजवळ संपली. मार्चपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणी पडले तर खिशातून भरायचे. न दिलेल्या इंजेक्शनाने त्या तीन लाखांतून हजारो रुपये खाल्ले, हे "सोडून द्या" म्हणण्यासारखे आहे का?

बरे, मी निदान वाचू शकते, मोजू शकते. बेड क्रमांक ५ वर जत तालुक्यातला एक तरुण होता. त्याचा बाप रोज माझ्याशेजारी बाकावर बसायचा. मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेऊन त्याने डिपॉझिट भरले होते. म्हणजे अजून न तोडलेल्या उसाचे पैसे. माझ्याआधी दोन दिवस त्याच्या मुलाला सोडले. तो बिलाची पाने मला दाखवून म्हणाला, "बघा ओ ताई, बरोबर हाय का." मी पहिली दोन पाने पाहिली आणि बरोबर असेल असे म्हणाले. तेव्हा मला आमच्या बिलात काय निघणार आहे याची कल्पना नव्हती. त्याचे बिल मी नीट पाहायला हवे होते, हे मला आज फार लागते. त्यात चूक होती असे मी म्हणत नाही, मला ते ठाऊक नाही. पण असेल तर ती शोधणारे त्याच्याजवळ कोणी नव्हते.

मध्यंतरी आपल्या प्रशासनाने फोन करून पाच हजार रुपयांची "सदिच्छा सवलत" देऊ केली. मी नम्रपणे नकार दिला. सवलत म्हणजे देणे खरे आहे पण आम्ही मोठ्या मनाने थोडे सोडतो, असा अर्थ होतो. आमचे देणे खरे नव्हते. मला हिशेबाची दुरुस्ती हवी आहे, ओळ-ओळ, जशी चुकीची नोंद खोडून बाजूला सही करतात तशी.

कायद्याचे मी थोडक्यात लिहिते, कारण ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्ण हक्कांची सनद आणि दरांचा फलक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. आपल्या दालनात शिरताच समोर २०१० च्या कायद्याचा मोठा फलक आहे, डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर हल्ला केल्यास काय शिक्षा होईल याचा. तो असायलाच हवा. डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांची मला चीड आहे. दरांचा फलक मी अकरा दिवसांत चारही मजल्यांवर शोधला, सापडला नाही. बिलिंगच्या खिडकीत विचारले तर संगणकात आहे म्हणाले. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्ण हक्कांची जी सनद तयार केली, तिच्यात तपशीलवार बिल मिळणे हा रुग्णाचा हक्क म्हटला आहे. तपशील म्हणजे नुसती लांब यादी, असा त्याचा अर्थ असू शकत नाही. आमचे बिल एकोणीस पानांचे होते, आणि तरी त्यात काय झाले नाही ते कळत नव्हते.

ग्राहक आयोगात जाण्याचा मार्ग मला माहीत आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे, मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागात तक्रारही करता येते. पण तिकडे जाण्याआधी हे पत्र लिहिण्याचे कारण असे की माझी अडचण आयोगाच्या आदेशाने अर्धीच सुटेल. मला माझे पैसे मिळतील आणि उद्या बेड क्रमांक ७ वर येणाऱ्याचे बिल पुन्हा मागणीवरच होईल.

ते बदलणे आपल्या हातात आहे आणि अवघड नाही. डिस्चार्ज ठरला की बिल छापण्याआधी आयसीयूतल्या एका सिस्टरने किंवा फार्मासिस्टने औषधांचा तक्ता आणि मागणीची यादी शेजारी ठेवून टिक करावी. एका रुग्णाला वीस मिनिटे लागतील. मी हे काम रोज करत होते, म्हणून ठामपणे सांगते. औषध घेताना नातेवाइकाची सही घेता तशीच परत करताना घ्या आणि एक प्रत त्याच्या हातात द्या. पांढऱ्या कागदाच्या तुकड्यावर अकरा इंजेक्शने सोडू नका. यंत्राचे पैसे यंत्र जोडल्याच्या वेळेपासून काढल्याच्या वेळेपर्यंत लावा. या दोन्ही वेळा केसपेपरवर असतातच. एखादी गोष्ट राखून ठेवण्याचा आकार असेल तर तो आधी सांगा, मराठीत सांगा. आणि बिल सहीच्या निदान दोन तास आधी हातात द्या. रुग्ण व्हीलचेअरवर बसलेला असताना कोणीही बिल वाचू शकत नाही.

आपल्या किडनीच्या डॉक्टरांबद्दल पुन्हा लिहावेसे वाटते. त्या रात्री त्यांनी जे केले नाही, तोच त्यांचा सगळ्यात मोठा उपचार होता. संमतीपत्र हातात होते, मशीन तयार होते, विमा मंजूर होता. सुई टोचली असती तर कोणी प्रश्न विचारला नसता. ते थांबले, त्यांनी लघवी मोजली, सकाळी लवकर आले. आणि आपल्या बिलाने त्यांच्या नावापुढे ते न केलेले डायलिसिस लिहून टाकले. गावात मी हे बिल दाखवले तेव्हा दोघांनी लगेच म्हटले, "बघा, डॉक्टर कसे लुटतात." मला त्यांना समजावून सांगावे लागले की या डॉक्टरांनी तर वाचवले, पैशानेही आणि जिवानेही. चूक टेबलावर झाली आणि बोल त्या भल्या माणसाला लागला. त्यांना हे बिल कोणी दाखवले आहे का? दाखवले नसेल तर दाखवावे. ते काय म्हणतील याची मला खात्री आहे.

पुढच्या महिन्यात यांची किडनीची तपासणी आहे, त्याच डॉक्टरांकडे. त्या दिवशी मी केसपेपरची प्रत, बिल आणि मी केलेला पाच ओळींचा ताळा घेऊन येईन. आपण बिलिंगच्या माणसाला आणि आयसीयूच्या एका सिस्टरला माझ्यासोबत अर्धा तास बसवावे. प्रत्येक ओळ समोरासमोर लावू. माझी एखादी ओळ चुकली असेल तर तिथल्या तिथे खोडून सही करेन. बाकीच्या ओळींवर आपण करावी, आणि विमा कंपनीला पाठवायच्या पत्राची एक प्रत मला द्यावी. तपासणीची वेळ सकाळी अकराची आहे. मी दहा वाजल्यापासून बिलिंगच्या खिडकीसमोर बसलेली असेन.

आपली नम्र,
बेड क्रमांक ७ वरील रुग्णाची पत्नी
(सेवानिवृत्त स्टोअर लिपिक, सहकारी साखर कारखाना)